जुन्या बोटीला शीड आणि बूम कुठून आणू?

चोडणकाठ:
नमस्कार. रायबंदरच्या एका गृहस्थांच्या शेडमध्ये पडून असलेली शिडाची बोट घेतली. प्लायवूडची, सव्वातेरा फूट, दोघांची. शिडं निळी, मोठ्या शिडावर इंग्रजी 'ई' आणि नंबर. बोट धड आहे, पण मोठ्या शिडाची मागची कड विरलीय, हात लावला की शिवण उसवते. जिब (पुढचं लहान शीड) बरं आहे. बूम (मोठ्या शिडाच्या खालची आडवी दांडी) मधोमध वाकलाय. मास्ट (उभी डोलकाठी) ॲल्युमिनियमचा, सरळ वाटतो.

शर्यतीबिर्यतीत उतरायचं नाही. पावसाळा सरला की मांडवीतून मिरामारपर्यंत जाऊन यायचं, एवढंच. म्हापशातला ताडपत्री शिवणारा म्हणतो, जुनं शीड द्या, त्यावर ठेवून हुबेहूब कापतो. देऊ का? परदेशातून नवं मागवायचं तर कुरियर आणि कस्टम धरून बोटीपेक्षा महाग पडतंय.

गाबीत_पोर:
शिडं काढा, मागे यामाहा इंजिन लावा, मोकळे व्हा 😀

बेतीचा_वारा:
यामाहावाल्याकडे लक्ष देऊ नका. बोट तुमची एंटरप्राइज जातीची. जॅक होल्टचं १९५६चं डिझाइन, आपल्याकडे क्लबांत आणि सैन्यदलांत भरपूर चाललंय. म्हणजे सामान कुठे ना कुठे पडलेलं असणारच.

म्हापशाच्या माणसाला नवं शीड कापायला देऊ नका. कारागीर वाईट म्हणून नव्हे. शीड सपाट नसतं हो! पट्ट्यांच्या कडा किंचित गोलाईत कापून जोडतात, मास्टकडची कडही थोडी बाहेर काढलेली असते, त्यातून शिडाला पोट येतं. सपाट कापलेल्याला जोर येत नाही, वाऱ्याच्या उलट तिरकं चढताना बोट रखडेल. त्यात जुनं शीड ताणून वाढलेलं असतं, त्यावरून माप घ्यायचंच नाही. मास्टवर आणि बूमवर शिडाची हद्द दाखवणारे रंगाचे पट्टे असतील, तिथून घ्या. क्लासचे (या जातीच्या बोटींचे) नियम नेटवर फुकट आहेत, त्यांच्याशी ताडून बघा.

नव्याच्या मागे कशाला लागताय? शर्यतवाले आकार थोडा बिघडला की शीड बदलतात, तुम्हाला तेच पुष्कळ वर्षं पुरेल. दोना पावलाला यॉटिंग असोसिएशनमध्ये स्वतः जा, मुंबई-हैदराबादच्या क्लबांतही ओळखी काढा. फोनवर सगळे 'नाही' म्हणतात, माणूस समोर उभा राहिला की कपाटं उघडतात. जुनं शीड घेताना शिवणीचा दोरा नखाने खरवडा. दोरा कापडावर उठून असतो, ऊन आधी त्यालाच खातं. दोरा तुटला पण कापड कडक असेल तर खुशाल घ्या आणि ते मात्र म्हापशाला द्या. पॉलिस्टरचा दोरा, झिगझॅग टाका, जुन्या भोकांच्या शेजारून. कापडच नखाने फाटलं तर पैसे घालू नका.

बूम बहुतेक किकिंग स्ट्रॅपच्या (बूम खाली ओढून धरणाऱ्या दोरीच्या) कडीपाशी वाकला असेल, सगळ्यांचे तिथेच जातात. सरळ करू नका, तिथेच मोडेल. फिरण्यापुरता जाड भिंतीचा ॲल्युमिनियम पाइप चालतो, शीड फक्त दोन टोकांना बांधायचं. मास्टला हा उपाय नाही, त्याला शीड सरकवायची खाच लागते. म्हणून आधी तो तपासा: स्टीलचे तुकडे जिथे बसवलेत तिथले रिव्हेट काढा, खाली पांढरी भुकटी (ॲल्युमिनियमचा गंज) आणि खड्डे दिसले तर सांगा.

चोडणकाठ:
बूम अगदी तिथेच वाकलाय! गूजनेक (बूम मास्टला जोडणारा सांधा) काढला, भुकटी आहे. घासल्यावर बारीक खड्डे दिसले, आरपार काही नाही. इथला सुतार सागवानाचा मास्टच करून देतो म्हणतो.

बेतीचा_वारा:
लाकडी मास्ट स्प्रूस या हलक्या लाकडाचे करतात, सागवान त्याच्या जवळजवळ दीडपट जड. एवढं वजन उंचावर गेलं की बोट लवकर कलंडेल. सुताराला सुकाणूचं काम द्या. आरपार नसेल तर मास्ट चालेल. गूजनेक थोडा वर-खाली सरकवून नव्या भोकांत बसवा, दोन धातूंच्या मध्ये पातळ प्लास्टिक किंवा ड्युरालॅक (गंज रोखणारी लुगदी) घाला, रिव्हेट मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे). साध्या लोखंडी रिव्हेटने दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच होईल.

गाबीत_पोर:
आमच्या शेडमध्ये एक निळं मेनसेल (मोठं शीड) आहे, वरचा बॅटनचा (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्टीचा) खिसा फाटलाय. कापड चांगलं कडक आहे, आत्ताच नख लावून बघितलं. येऊन न्या. पाइप घेतलात तर फेरीवर चढताना मागच्या टोकाला लाल फडकं बांधा.

चोडणकाठ:
यामाहा माफ! रविवारी येतो.