‘सामाईक’ की ‘वाटणी’? फाइलच्या प्रतीसाठी शब्द

निपाणी: ऑपरेटिंग सिस्टिमच्या मराठी टिपणांत ‘डेटा शेअरिंग’ला ‘डेटाची वाटणी’ लिहिलं तर चालेल का? रीफ्लिंकनं, म्हणजे डेटा न हलवता केलेल्या प्रतीबद्दल लिहायचंय.

खानापूर: वाटणी नको. वाटणी झाली की मधे बांध पडतो, ज्याचा हिस्सा त्याला. रीफ्लिंकमध्ये नेमकं उलट आहे: फाइली दोन, आयनोड (डिस्कवरची फाइलची नोंद) दोन, पण डिस्कवरचे ब्लॉक, म्हणजे डेटा साठवायचे तुकडे, तेच. ४ जीबीची प्रत क्षणात होते, कारण डेटा जागचा हलतच नाही, फक्त नोंदी वाढतात. आपल्याकडं अशा जमिनीला ‘सामाईक’ म्हणतात. ‘वाटणी’ पुढच्या पायरीला ठेवा. एका फाइलीत काही बदललं की तेवढाच भाग, बहुधा ४ केबीच्या ब्लॉकांच्या हिशेबानं, नव्या जागी लिहिला जातो; बाकीचं सामाईकच राहतं. म्हणून ‘कॉपी ऑन राइट’ म्हणजे ‘लिहिताना वाटणी’.

शहापूर, बेळगाव: पण सामाईक रानात एकानं बांध फोडला तर नुकसान दोघांचं. रीफ्लिंकमध्ये एकाचा बदल दुसऱ्याला दिसत नाही. ते लक्षण हार्डलिंकचं, तिथं आयनोड एकच आणि नावं दोन.

खानापूर: बरोबर आहे सर. तेव्हा ‘सामाईक फाइल’ नको, ‘सामाईक ब्लॉकांची प्रत’ म्हणू. हार्डलिंकला ‘दुसरं नाव’ पुरे. ती प्रतच नव्हे. ‘डीयू’ (फाइलींनी व्यापलेली जागा सांगणारी आज्ञा) हार्डलिंक एकदाच मोजतं, रीफ्लिंकच्या दोन्ही फाइली मात्र पूर्ण मोजतं. खरी मोकळी जागा बघायची तर ‘डीएफ’ ही आज्ञा.

निपाणी: आणि कॉपी_फाइल_रेंज, म्हणजे प्रोग्रामनं लिनक्सच्या कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) प्रत करायला सांगायचा कॉल?

शहापूर, बेळगाव: नाव तसंच ठेवा, प्रोग्राममध्ये तेच लिहावं लागतं. लिनक्स ४.५ मध्ये, २०१६ साली आला. वर्णनात ‘प्रत करतो’ एवढंच म्हणा, ‘सामाईक करतो’ नको. एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीवर) तो ब्लॉक सामाईक करू शकतो, नेटवर्कवरच्या एनएफएस ४.२ वर सर्व्हरकडूनच प्रत करवून घेऊ शकतो, नाहीतर कर्नलच्या आतच बाइट हलवतो. प्रोग्रामच्या बफरमधून ये-जा वाचते, हा फायदा तिन्ही वेळा. सामाईकच हवं असेल तर एफआयक्लोन हा वेगळा कॉल. दोन फाइलींची फाइलसिस्टिम वेगळी निघाली तर तो ईएक्सडीईव्ही ही चूक देतो, आणि ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमवर चालत नाही.

परत आलेला आकडा वाचायला विसरू नका. मागितल्यापेक्षा कमी बाइट जाऊ शकतात, म्हणून उरलेल्यांसाठी पुन्हा हाक मारावी लागते. ० म्हणजे फाइल संपली, पण कर्नल ५.३ ते ५.१८ मध्ये प्रोकच्या (कर्नल स्वतःची माहिती दाखवतो त्या) फाइली, ज्यांचा आकार ० दिसतो, दुसऱ्या फाइलसिस्टिमवर नेताना ० मिळून प्रत रिकामीच राहायची. ० पहिल्याच हाकेला आला तर साध्या रीड-राइटनं एकदा पडताळा.

खानापूर: अजून एक शब्द जपा. रीफ्लिंकला ‘बॅकअप’ लिहू नका. सामाईक ब्लॉक खराब झाला तर दोन्ही फाइली गेल्या. शिवाय डिस्क भरलेली असताना जुन्याच फाइलीत, आकार न वाढवता लिहिलं तरी ‘जागा नाही’ ही चूक येऊ शकते. वाटणीला नवा ब्लॉक लागतो.