मदत हवी आहे : बोरघाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन

मंडळी, खंडाळ्याखालच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनबद्दल विचारायचंय. खंडाळा-पुणे लाईन १८५८ ला सुरू झाली, खंडाळ्याखालचा घाट १८६३ ला, चढ असा खडा की गाडी तिथे थांबवून इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे नि उलट्या दिशेने वर. १९२९ ला नवी लाईन आली, हे बंद पडलं. नेटवर फिरून फिरून एवढंच. खंडाळ्यातल्या दोन आजोबांना गाठलं, ते 'तिथं इंजिन फिरवायचे' यापुढे सरकेनात (चहा मात्र दोनदा पाजला). ट्रेकचे फोटो नकोत, ढीगभर आहेत. तिथे प्रवासी चढउतार व्हायची का, तिकीट मिळायचं का, एवढंच हवंय. १९२९ आधीचं जीआयपीचं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, तेव्हाची इथली रेल्वे कंपनी) टाईमटेबल पुण्यातच, रविवारी बघायला कुठे मिळेल?