शब्दचर्चा: फंक्शन ‘बदलणे’ म्हणजे ऑल्टर की रिप्लेस?

प्रश्न: टीममधल्या नव्या मुलांसाठी पोस्टग्रेस या डेटाबेसवर मराठीत टिपण लिहिते आहे. त्यात फंक्शनच्या (डेटाबेसमध्ये साठवलेला, नावाने बोलावता येणारा कोड) दोन कमांड येतात. ‘ऑल्टर फंक्शन’ आणि ‘क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन’, दोन्हींना ‘फंक्शन बदलणे’ म्हटलं तर चालेल का? आणि फंक्शनला ‘कार्य’ लिहू का?

उत्तर: ‘कार्य’ नको, ते वाचून काहीच बोध होत नाही. गणितातलं ‘फलन’ अर्थाने जवळचं आहे, पण कामावर कोणी म्हणत नाही. फंक्शनच राहू द्या. ‘बदलणे’ मात्र दोन्हीकडे नक्कीच नको, ताई. ऑल्टरने नाव, मालक, स्कीमा (फंक्शन ज्या गटात ठेवलंय तो) किंवा व्होलाटाइल-स्टेबल-इम्युटेबल (त्याच इनपुटला उत्तर बदलू शकतं की नाही) असे गुणधर्म बदलतात. आतल्या कोडला हात लागत नाही. कोड नव्याने घालायचा तर रिप्लेस. म्हणून ऑल्टरला ‘गुणधर्म बदलणे’ आणि रिप्लेसला ‘त्याच जागी नवं घालणे’ लिहा. रिप्लेसमध्ये मालक आणि दिलेल्या परवानग्या तशाच राहतात, हेही ‘त्याच जागी’मधून कळतं.

प्रश्नकर्ती: पण आर्ग्युमेंटचा (फंक्शनला दिलेल्या मूल्याचा) प्रकार इंटिजरचा बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकाचा, करून रिप्लेस चालवलं, तर जुनं फंक्शनही तसंच दिसतंय. मग ‘त्याच जागी’ कसं?

उत्तर: कारण जागा नुसत्या नावाने ठरत नाही. नाव अधिक इनपुट आर्ग्युमेंटचे प्रकार, मिळून ओळख. प्रकार बदलला की ते वेगळं फंक्शन. एरर येत नाही, त्यामुळे जुना कॉल जुनाच कोड चालवत राहतो आणि तासन् तास शोधाशोध होते. टिपणात हे ठळक लिहाच. जुनं काढून टाकताना (ड्रॉप) प्रकारांसकट सांगा: ड्रॉप फंक्शन, नाव, कंसात इंटिजर.

रिटर्न टाइप (उत्तराचा प्रकार) बदलायचा असेल तर रिप्लेस नकार देतं. आधी ड्रॉप, मग क्रिएट. इथे परवानग्या जातात, पुन्हा द्याव्या लागतात. फंक्शनवर एखादा व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) उभा असेल तर ड्रॉप अडतो. तेव्हा घाईने कॅस्केड (अवलंबून असलेलंही काढणारा पर्याय) लावू नका, व्ह्यूसुद्धा जाईल.

आणखी एक उत्तर: मुलं मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवरून आली असतील तर त्यांना सांगा, तिथे फंक्शनसाठी ‘ऑर रिप्लेस’ नाही. ऑल्टर आहे, पण त्याने कोड किंवा पॅरामीटर बदलत नाहीत. ड्रॉप करूनच पुन्हा बनवायचं. तिथल्या मायएसक्यूएलडंप या टूलने बॅकअप घेताना ‘रूटीन्स’ हा पर्याय दिला नाही, तर फंक्शन्स त्यात येतच नाहीत.