मदत हवी आहे: लेकीच्या आफ्रिकन केसांची निगा

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, नवरा मूळचा नायजेरियाचा. लेकीचे केस त्याच्यावर गेलेत, घट्ट स्प्रिंगसारखे. ओले असताना खांद्यापर्यंत, वाळले की थेट कानापाशी. वर्गातल्या मुली हसायच्या म्हणून रिलॅक्सर हे रसायन लावून सरळ करायचा हट्ट होता. आता म्हणते, आहेत तसेच वाढवायचे. (वेण्या, पीळ घातलेले ट्विस्ट, जटांसारखे लॉक्स यांवरून शाळेने अडवू नये असा कायदा इथे २०१९ मध्ये झाला, पण हसणाऱ्या पोरींना कोण अडवणार?)

कंडिशनर लावून, ओल्या केसांतच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून गुंता सोडवते. रात्री सॅटिनची टोपी. तरी मानेजवळ केस तुटतातच. बॉक्स ब्रेड्स (चौकोनी भाग पाडून घातलेल्या बारीक वेण्या) किती आठवडे ठेवता? आणि खोबरेल तेल चालतं का? पुण्याहून आई रोज विचारते!