सिम लीग: सेंटरचं रिग्रेशन सुरू होतंय, आधी काय कापू?

निळी_रेषा

बर्फावरच्या हॉकीची सिम लीग (सामने संगणक खेळवतो, आपण आपापला काल्पनिक खेळाडू घडवतो), इंजिन एफएचएम (फ्रँचायझी हॉकी मॅनेजर), रेटिंग 5 ते 20. माझा सेंटर (मधला आक्रमक) आठ सीझन पूर्ण करून नवव्यात जातोय आणि पहिली कपात आठवडाभरावर आली आहे. लीगचे नियम असे:

एका अंकाचा खर्च: 6 ते 9 पर्यंत प्रत्येकी 2 टीपीई (टास्क करून कमावलेले गुण, त्यांतूनच रेटिंग वाढवतो), 10 ते 12 प्रत्येकी 4, 13 आणि 14 प्रत्येकी 8, 15 आणि 16 प्रत्येकी 12, 17 आणि 18 प्रत्येकी 20, 19 ला 30, 20 ला 40.
कपात (हेच रिग्रेशन, म्हातारपणी दर सीझनआधी लागतं): एकूण टीपीईच्या आधी 15%, मग 20, 25, 30. जवळच्या पूर्णांकात. आधी बँकेतून वळते होतात, उरलेले बिल्डमधून, म्हणजे रेटिंगमध्ये घातलेल्या टीपीईतून.
रेटिंग खाली आणलं की तक्त्यातल्या पूर्ण भावाने टीपीई परत. कपातीपेक्षा जास्त काढले तर शिल्लक बँकेत.

एकूण 780, त्यातले 40 बँकेत. बिल्ड: फेसऑफ 19, पासिंग 18, ऑफेन्सिव्ह रीड 18, पकहँडलिंग 17, स्पीड 16, गेटिंग ओपन 16, अ‍ॅक्सिलरेशन 15, शूटिंग अ‍ॅक्युरसी 15, स्टॅमिना 14, अ‍ॅजिलिटी 14, शूटिंग रेंज 13, डिफेन्सिव्ह रीड 9, पोझिशनिंग 8. बाकी सगळं 5.

सातवा सीझन: 66 सामने, 24 गोल, 47 असिस्ट, 171 शॉट. आठवा: 66 सामने, 17 गोल, 37 असिस्ट, 174 शॉट. फेसऑफ (खेळ सुरू करताना दोन सेंटरमध्ये पकसाठी, म्हणजे रबरी चकतीसाठी होणारी झुंज) जिंकण्याचं प्रमाण दोन्ही वेळा 57 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कपात लागायच्या आधीच 71 पॉइंट्सवरून (गोल अधिक असिस्ट) 54 वर घसरलाय. करिअरचे 437 पॉइंट्स झालेत, 600 गाठायचे आहेत. सीझनला साधारण 60 टीपीई कमावतो.

प्रश्न तीन. कापायचं कुठून? आत्ताच करार वाढवू का? जीएम (संघाचा मॅनेजर) तीन वर्षांचा देतोय. आणि निवृत्ती अकराव्यानंतर की बाराव्यानंतर?

बॅकचेक

कापाकापीच्या आधी एक सांगा. पॉवर प्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचे) पॉइंट्स आणि मिनिटं दोन्ही सीझनची किती? तेवढं कळल्याशिवाय 'घसरला' म्हणता येणार नाही.

निळी_रेषा

सातव्यात पॉवर प्लेवर 29 पॉइंट्स, सरासरी 3:40. आठव्यात 15 पॉइंट्स, 2:10. नवा सेंटर ड्राफ्टमधून आला, त्याला पहिल्या युनिटवर घेतलं आणि माझा दुसऱ्यावर गेला.

बॅकचेक

मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. एकूण घट 17 पॉइंट्सची, त्यातली 14 एकट्या पॉवर प्लेची. पॉवर प्ले वगळला तर 42 चे 39 झालेत. त्याला घसरण कोण म्हणेल?

पॉवर प्लेचाही हिशोब मिनिटांवर लावून बघा. 66 सामने गुणिले 3:40 म्हणजे 242 मिनिटं, दर 60 मिनिटांना 7.2 पॉइंट्स. आठव्यात 143 मिनिटं, दर 6.3. जुनी 242 मिनिटं मिळाली असती तर याच दराने 25 झाले असते. खेळाडू थोडा मंदावला असेल, पण खरी कात्री लागली ती मिनिटांना.

गोलांचं म्हणाल तर 24 वरून 17 हा आकडा भीतिदायक दिसतो, पण दोन्ही सीझन मिळून 345 शॉट आणि 41 गोल, म्हणजे 11.9%. 12 टक्केवाल्या खेळाडूने 174 शॉट मारले की अपेक्षा 21 गोलांची, आणि निव्वळ नशिबाने चारेक गोल इकडे किंवा तिकडे होणं अगदी रोजचं. सातवा सीझन नशिबाच्या बाजूने गेला, आठवा उलट. शॉटची संख्या 171 आणि 174, म्हणजे संधी तेवढ्याच मिळतायत. शॉट घसरले असते तर मी काळजी केली असती.

तेव्हा जीएमशी बोलायचं ते आधी युनिटबद्दल. पासिंग 18, ऑफेन्सिव्ह रीड 18 असलेला माणूस दुसऱ्या युनिटवर बसवणं हा अपव्यय आहे. नव्या पोराला पहिल्या युनिटवर ठेवायचंच असेल तर दोघांना एकत्र ठेवा, फेसऑफ तुमच्याकडे. पॉवर प्ले ही म्हाताऱ्यांची जागा आहे, खऱ्या खेळातसुद्धा. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) ओवेच्किनने 6 एप्रिल 2025 ला ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडला तेव्हा तो 39 वर्षांचा होता, आणि 895 वा गोलही पॉवर प्लेवरच आला.

कात्री_आणि_कागद

कपातीचं मी सांगतो. 780 चे 15% म्हणजे 117. बँकेतले 40 वजा जाता बिल्डमधून 77 काढायचे.

सरळ मार्ग डोळ्यांसमोर आहे. फेसऑफ 19 वरून 16 केला की 70 सुटतात, शूटिंग रेंज 13 वरून 12 केली की 8. झाले 78, एक टीपीई हातात. बाकी बिल्डला धक्का नाही.

पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या लीगमध्ये जास्तीचं काढलेलं बँकेत जमा होतं. एरवी बिल्ड उलटंपालटं करता येत नाही, म्हणजे वर्षातून एकदाच ही खिडकी उघडते. आणि तुमच्या बिल्डमध्ये फेरफाराची गरज आहे: वरच्या टोकाला 20 आणि 30 टीपीईचे महाग अंक, खालच्या टोकाला 8 आणि 9 चे खड्डे. तीस टीपीईत फेसऑफचा एक अंक, किंवा पोझिशनिंग 8 वरून 12 आणि वर डिफेन्सिव्ह रीड 9 वरून 12, तरीही चार हातात. भाव बघा.

म्हणून माझा आराखडा:

फेसऑफ 19 → 16: 70 सुटले
शूटिंग रेंज 13 → 9: 20
पकहँडलिंग 17 → 16: 20
एकूण 110. कपातीचे 77 गेले, उरले 33.

त्यातून पोझिशनिंग 8 → 12 ला 14, डिफेन्सिव्ह रीड 9 → 12 ला 12, स्टिकचेकिंग 5 → 8 ला 6. खर्च 32, शिल्लक 1. एकूण 663, त्यातले 662 बिल्डमध्ये.

फेसऑफला हात लावताना जीव खालीवर होतो हे मान्य, कारण तो आकडा रोज स्कोअरशीटवर दिसतो. पण हिशोब करा. समजा सामन्याला 18 फेसऑफ, सीझनचे 1,188. टक्का 57 वरून 54 वर आला तरी सीझनभरात 36 कमी, म्हणजे दोन सामन्यांना एक. एनएचएलमधले सगळ्यात तरबेज सेंटरसुद्धा 60 टक्क्यांच्या आसपासच थांबतात. त्या वरच्या टोकाला जाण्यासाठी मोजलेली किंमत कधी वसूल होत नाही.

दुसरी गोष्ट, स्पीडला आत्ता हात लावू नका. खऱ्या खेळाडूचे आधी पाय जातात म्हणून सिममध्येही आधी स्पीड कापणारे पुष्कळ आहेत. तिथे निसर्ग कापतो, इथे तुम्ही कापता. नक्कल कशाला करायची?

डॉट_वरचा

फेसऑफ 16 वर नेण्याला माझा विरोध. दोन सामन्यांना एक हा हिशोब सगळे फेसऑफ सारखेच धरतो. स्वतःच्या गोलसमोर शेवटच्या मिनिटाला हरलेला फेसऑफ आणि मधल्या वर्तुळातला फेसऑफ एकाच तराजूत घालू नका. तुमच्या लीगमध्ये ओव्हरटाइम तीन विरुद्ध तीन असेल (एनएचएलमध्ये 2015–16 पासून आहे) तर तिथे पक एकदा हातात आला की तो सोडतो कोण? मी 17 वर थांबेन. 50 सुटतात. रेंज आणि पकहँडलिंगचे 40 धरून 90, कपात जाता 13 उरतात. पोझिशनिंग 10 आणि डिफेन्सिव्ह रीड 10 करा, खर्च 10, तीन बँकेत.

कात्री_आणि_कागद

17 चालेल, जर जीएम शेवटच्या मिनिटाला याच्यावर भरवसा ठेवत असेल तर. पण डिफेन्सिव्ह रीड 9 असलेल्या सेंटरला शेवटच्या मिनिटाला स्वतःच्या गोलसमोर उभं कोण करतं? फेसऑफ जिंकून पुढच्या दहा सेकंदांत माणूस मोकळा सोडला तर जिंकून काय मिळवलं? आधी बचाव 12 वर न्या, मग ती मिनिटं मागा.

बॅकचेक

दोघांचा वाद मिटवायचा एकच उपाय. तुमच्याकडे एफएचएम असेल आणि कमिशनर लीगची फाइल देत असेल तर तिची प्रत घ्या, एडिटरमध्ये दोन्ही बिल्ड आळीपाळीने भरा आणि तोच सीझन वीसेक वेळा पळवा. एकदा पळवून निष्कर्ष काढू नका. वर गोलांचं जे सांगितलं तेच इथेही लागू, एका सीझनचा गोंगाट दोन बिल्डमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. बघताना याचे पॉइंट्स बघू नका, हा बर्फावर असताना संघाने किती शॉट मारले आणि किती खाल्ले ते बघा. लाइनमधली त्याची भूमिका दोन्ही वेळा तीच ठेवा, नाहीतर भूमिकेचा परिणाम बिल्डच्या नावावर खपतो.

आणि हो, जुने एसटीएचएस इंजिनचे मार्गदर्शक लेख वाचून बिल्ड ठरवू नका. तिथे रेटिंग 99 पर्यंत, गुणधर्मही वेगळे, एकच 'स्केटिंग' आणि एकच 'डिफेन्स'. पोझिशनिंग, डिफेन्सिव्ह रीड आणि स्टिकचेकिंग असं विभागलेलं तिथे काही नाही.

कॅप_कारकून

कराराचं कोणी बोललं नाही. किमान पगार टीपीईच्या टप्प्यांवर ठरत असेल तर कपात लागेपर्यंत सही करू नका. तुमच्या लीगचे टप्पे काय आहेत?

निळी_रेषा

700 च्या वर किमान 50 लाख, 600 ते 699 ला 40 लाख, 500 ते 599 ला 30 लाख, त्याखाली 20. सही करतानाच्या टीपीईवर पूर्ण करार ठरतो.

कॅप_कारकून

मग आज सही केली तर 780 च्या टप्प्यावर तीन वर्षं 50 लाख. आठवड्याने केली तर 663, म्हणजे 40 लाख. संघाला वर्षाला 10 लाखांची कॅप (एकूण पगारावरची मर्यादा) मोकळी, आणि तेवढ्यात तिसऱ्या लाइनवर एक बरा विंगर बसतो. जीएमला हे माहीत नसेल असं वाटत नाही, बहुधा घाईत आहे.

तीन वर्षंही नकोत. पुढचा हिशोब असा: नवव्यात 60 कमावून 723, त्याचे 20% म्हणजे 145 गेले, दहाव्याच्या सुरुवातीला 578. पुन्हा 60, 638, त्यातले 160 गेले, अकराव्याला 478. पुन्हा 60, 538, त्यातले 161 गेले, बाराव्याला 377. म्हणजे दरवर्षी एक टप्पा खाली. एकेक वर्षाचे करार केले तर 40, 30, 20 लाख. तीन वर्षांचा केला तर 478 वाला खेळाडू 40 लाखांत बसतो आणि त्याला कोणी ट्रेडमध्येही घेत नाही.

निळी_रेषा

आणि सीझनला 60 ऐवजी 90 कमावले तर?

कॅप_कारकून

602, 519, 426. तीन सीझनमध्ये 90 जास्त कमावून बाराव्याला हातात फक्त 49 जास्त. नवव्यात कमावलेल्या जादा 30 मधले बाराव्यापर्यंत 12-13 च टिकतात, कारण त्यांच्यावर तीन वेळा कात्री चालते. रात्र जागून टास्क लिहायचे असतील तर ते पुढच्या खेळाडूसाठी राखून ठेवा. 519 मात्र टप्प्याच्या वर आहे, तेव्हा अकराव्याचा करार कधी करता ते बघून करा.

कात्री_आणि_कागद

निवृत्तीच्या प्रश्नाला जोडून दुसऱ्या कपातीचं सांगतो. 145 मधले 61 बँकेतून गेले (नवव्यातले 60 खर्च न करता ठेवले तर), 84 बिल्डमधून. तिथे सेंटरची जागा सोडून विंगवर जा. फेसऑफ 16 → 9 ने एकदम 52 सुटतात, अ‍ॅक्सिलरेशन 15 → 12 ने 28, अ‍ॅजिलिटी 14 → 13 ने 8. झाले 88, आणि पासिंग, ऑफेन्सिव्ह रीड, गेटिंग ओपन सगळं जागच्या जागी. सेंटर राहिलात तर तेवढ्यासाठी पासिंगला हात घालावा लागेल, आणि पासिंग गेलं की पॉवर प्लेही गेला.

फक्त फाइलमध्ये विंगचं पोझिशन रेटिंग कमिशनरकडून आधी बदलून घ्या. ते न बदलता जीएमने नुसतं लाइनमध्ये विंगवर टाकलं की खेळाडू परक्या जागेवर खेळतो, आणि दोष सगळे रिग्रेशनला देतात. आमच्याकडे विनंतीची मुदत कपातीच्या आधी संपते, तुमच्याकडे बघून घ्या.

बॅकचेक

600 ला 163 हवेत. पहिलं युनिट परत मिळालं आणि नवव्यात 60, दहाव्यात विंगवरून 48, अकराव्यात 35 धरले तरी 143 च होतात. वीस कमी पडतात. तेव्हा बारावा सीझन खेळावा लागेल, 377 वर, चौथ्या लाइनवर आणि जमलं तर दुसऱ्या पॉवर प्ले युनिटवर. 66 सामन्यांत 20 पॉइंट्स तिथूनही निघतात. पण युनिट परत नाही मिळालं तर नवव्यातच 54 च्या खाली जाल आणि मग बाराव्यातही आकडा हुकेल. नवव्याच्या मध्यावर 28 च्या वर असलात तर बाराव्यापर्यंत खेळा, नाहीतर अकराव्यानंतर थांबा.

डॉट_वरचा

थांबायचं ठरलं तर जाहीर करायची तारीख नियमात शोधा. बहुतेक लीगमध्ये ठरावीक मुदतीआधी निवृत्ती जाहीर केली तरच नवा खेळाडू येत्या ड्राफ्टला पात्र होतो. मुदत हुकली की अख्खा सीझन रिकामा जातो.

निळी_रेषा

जीएमशी बोललो. पहिल्या युनिटवर दोन सेंटर ठेवायला तयार आहे, फेसऑफ माझ्याकडे. म्हणून 17 वर थांबतोय, पण पोझिशनिंग आणि डिफेन्सिव्ह रीड 12 हवेतच. त्यासाठी 13 टीपीई कमी पडतात, तर अ‍ॅजिलिटी 14 वरून 12 करतो, 16 सुटतात. चूक दिसत असेल तर आत्ताच सांगा.

कात्री_आणि_कागद

बेरीज बरोबर आहे. 106 सुटले, 77 गेले, 29 मधले 26 लावले, 3 बँकेत. अ‍ॅजिलिटी पुढच्या वर्षी जाणारच होती. फक्त पुढच्या वर्षी फेसऑफ 17 → 9 ने 72 सुटतील, तेव्हा अ‍ॅक्सिलरेशन 15 → 14 वरच भागेल.

कॅप_कारकून

सही कपातीनंतर. एक वर्ष.