अनुभव धागा: चावायच्या आधी कुत्रा काय सांगत होता?

आमच्या नागपूरच्या प्रतापनगरच्या गल्लीत परवा परत तोच प्रकार. पोट्ट्याला कुत्रं चावलं आणि सगळे म्हणून राहिले की काही कारण नसताना चावलं. मी वरून बघत होते ना! कुत्रं कंपाउंडच्या कोपऱ्यात, समोर चार पोट्टे काठी घेऊन. त्याने आधी मान फिरवली, जिभेने नाक चाटलं, मग डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, मग गुरगुरलं, आणि मग चावलं. मी गॅलरीतून ओरडत होते पण ऐकते कोण. जखम मात्र नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावली आणि लगेच रेबीजच्या इंजेक्शनला पाठवलं, खरचटल्यासारखी दिसली तरी. तर सांगा, कुत्र्याचं म्हणणं तुम्हाला कधी कळलं? घरचं, गल्लीतलं, दोन्ही चालेल. नुसते फोटो नको बाप्पा.

बर्डीकर
गुरगुरण्यावरून आठवलं. शेजारी जर्मन शेफर्ड होता, एक ट्रेनर यायचा, गुरगुरला की नाकावर फटका. महिनाभरात गुरगुरणं बंद, सगळे खुश, पेढेच वाटायचे बाकी होते. मग एक दिवस त्याच्या ताटलीजवळ वाकलेल्या मोलकरणीच्या हाताला आवाज न करता चावला. भीती तशीच होती, सांगायची सोय तेवढी काढून घेतली होती. आमचा लॅब्राडोर आता म्हातारा आहे, तो गुरगुरला की आम्ही दोन पावलं मागे होतो, विषय संपला.

संत्रानगरी
आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, एकदम गरीब, कोणीही कुरवाळा. अचानक पट्टा घालताना झडप घालायला लागली. घरचे म्हणे माजली, उपाशी ठेवा. मी कान उलटून पाहिला तर आत काळपट मळ आणि आंबूस वास, नुसतं बोट लागलं तरी कळवळली. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं, इन्फेक्शन निघालं. ड्रॉप्सनी कान बरा झाला आणि स्वभावही. तेव्हापासून माझं म्हणणं एकच, शांत कुत्रं एकदम बदललं तर ट्रेनर नंतर, आधी डॉक्टर.

कूलरवाली
मे महिन्याबद्दल कोणी बोलून नाही राहिलं! पारा ४५ च्या वर आणि लोक दुपारी चारला पग घेऊन फुटाळा तलावावर. कुत्र्याला घाम म्हणाल तर पंजांना येतो तेवढाच, बाकी सगळं काम धापा टाकूनच, आणि त्या चपट्या नाकाच्या जीवाला धापही धड टाकता येत नाही. डांबरावर स्वतःचा हात ठेवून बघा, ठेववत नसेल तर त्याला कशाला चालवता? आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना जास्त अक्कल आहे. कूलरच्या टाकीतून पाणी गळते तिथली माती उकरून पोट टेकवून पडतात, ऊन उतरेपर्यंत हलत नाहीत. मी ती गळती मुद्दाम दुरुस्त नाही केली, नवरा चिडते.

अजनीचा पोट्टा
काकूंचा पॉमेरेनियन. सोफ्याचा फोम बाहेर, काकू ओरडल्या, हा कान पाडून खाली. "बघ कसा गिल्टी फील करून राहिला." दुसऱ्या दिवशी सोफ्याखालून उंदीर निघाला बे! अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये हेच दाखवलं, मालक रागावला की कुत्रं तसं तोंड करते, गुन्हा केला असो वा नसो.

रातपाळीवाला
तुमचं सगळं बरोबर आहे, पण मले सांगा, रात्री दीडला ड्युटीवरून येताना पाच-सहा जण गाडीमागे लागतात, तेव्हा मी काय त्यांचे डोळे वाचत बसू? पडलो असतो तर? उचला न सरळ आणि गोरेवाड्याच्या जंगलाकडे सोडा.

बर्डीकर
@रातपाळीवाला, राग रास्त आहे. पण गाडी पळवली की ते जास्तच पळतात, स्लो करून पाय खाली टेकवा, बहुतेक वेळा तिथेच थांबतात. आणि दुसरीकडे सोडून उपयोग नाही, रिकाम्या जागेत कचऱ्यावर जगायला नवे येतात, ते नसबंदी न झालेले. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या सरकारी नियमातही नसबंदी आणि लस करून त्याच जागी सोडायचं असंच आहे.

रातपाळीवाला
स्लो करून पाहीन. चावले तर तुमच्याकडे येईन.

धागाकर्ती
या, चहा देईन, पण आधी दवाखान्यात जा. चौक कोणता ते मेसेज करा. दिवसा जाऊन त्यांचे कान बघते, नसबंदी झालेल्याच्या कानाला काप असतो. काप नसेल तर पकडायला माणसं बोलवावी लागतील, आणि त्यात पिल्लंवाली एखादी असेल तर ती पिल्लांसाठीच मागे लागत असेल, तिचं आधी बघू. बाकीच्यांनी लिहा, मारबतीच्या मिरवणुकीतल्या ढोलाने आणि दिवाळीच्या फटाक्याने पळालेल्यांचं अजून कोणीच सांगितलं नाही.