घरचं वायफाय आणि आजूबाजूची वायफाय : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात मुलीची ऑनलाइन चाचणी तीनदा अडकली. कंपनीचा माणूस येऊन गेला, लाइन व्यवस्थित होती. मग फोनवर वायफाय ॲनालायझर घेऊन घरभर फिरले. कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत २३ नेटवर्क दिसली, त्यातली बहुतेक चॅनेल ६ वर (चॅनेल म्हणजे वायफायच्या रेडिओ लहरींतली एकेक वाट). ३ मोकळं दिसलं म्हणून तिकडे गेले, तर नेट आणखीच बिघडलं.

कारण समजायला आठवडा गेला. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण लगतच्या दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्‌झचं आणि एका नेटवर्कला जागा लागते साधारण २० ची. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच वापरतात: १, ६ आणि ११. एकाच चॅनेलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकतात, दुसऱ्याचं पाठवून होईपर्यंत थांबतात. ३ वर बसलं की १ आणि ६ या दोन्हींकडचं अर्धवट कानावर येतं, त्याचा नुसता गोंगाट होतो. ११ वर गेल्यावर चाचणी पार पडली.

त्याच आठवड्यात हेही दिसलं की शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात आमचं वायफाय आमच्या गॅलरीपेक्षा चांगलं येतं. घराची भिंत ही नेटवर्कची हद्द नाही, हे मला इतक्या उशिरा कळलं. तुमच्याकडे काय बिघडलं, काय सापडलं, काय बदललंत ते सविस्तर लिहा. चुका तर जरूर लिहा.

नाशिक

आमचा पासवर्ड म्हणजे बाबांचा मोबाइल नंबर. लाइन जोडायला आलेल्या मुलानेच टाकून दिलेला, लक्षात राहावा म्हणून. इमारतीत चौकशी केली तर कितीतरी घरी हेच.

भाचा सायबर सुरक्षा शिकतो. मी हो म्हटल्यावर त्याने करून दाखवलं. फोन नेटवर्कला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती जिन्यात बसूनही पकडता येते. पुढचं सगळं, म्हणजे पासवर्डचे अंदाज लावून बघणं, स्वतःच्या संगणकावर, राऊटरला पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड, पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण याच नेटवर्कवर बाबांचं बँकेचं सगळं चालतं.

आता पासवर्ड म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द, रोमन अक्षरांत, मध्ये आकडे. कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरं चालतात. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, आमच्याकडे तो अजून 'ॲडमिन' होता, तोही बदलला. बाबांनी दोन्ही वहीत लिहून देवघराच्या खणात ठेवलेत. माझ्या मते ती जागा उत्तम आहे, जिन्यातल्या माणसाला ती वही दिसत नाही.

पूर्वी नवी मुंबई, आता सांगली

२००८ मध्ये माझ्या वायफायला मी मुद्दामच पासवर्ड ठेवला नव्हता. समोरच्या घरात लातूरहून शिकायला आलेली मुलं होती, त्यांनी वापरावं असं वाटायचं. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं गेलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्याच एका अमेरिकन रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून पाठवला गेला, असं तपासात निघालं. चौकशी आधी त्या गृहस्थांच्या दारात गेली. बाहेरच्या जगाला दिसतो तो आयपी पत्ता कनेक्शनवाल्याच्या नावावर असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमजलं.

मी लगेच पासवर्ड टाकला आणि सकाळी कागदावर लिहून त्या मुलांना दिला. आपल्या तोंडावर दार लावलं असं त्यांना वाटायला नको होतं. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यांवरून फिरले, तेव्हा मी निश्चिंत होतो. पण राऊटरमध्ये मी निवडलं होतं डब्ल्यूईपी, म्हणजे वायफायचं जुनं कुलूप, आणि ते २००१ मध्येच फोडलं गेलं होतं. म्हणजे इतके दिवस मी कडी न लावता दार लोटून झोपत होतो. तुमच्या सेटिंगमध्ये त्यानंतरची कुलपं, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, आहेत ना, एकदा बघाच. डब्ल्यूपीए३ असेल तर वर नाशिककरांनी सांगितलेला घरबसल्या अंदाज बांधायचा प्रकार चालत नाही.

सातारा

मी नेटवर्कचं नाव लपवून ठेवलं होतं. उपयोग नाही. उलट आपला फोनच बाहेरगावी ते नाव घेऊन हाका मारत राहतो.

कोल्हापूर

हे लिहिताना जड जातंय. राऊटरला जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दोन अनोळखी दिसली. माझा संशय वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलावर गेला आणि मी जिन्यात त्याच्या आईला बोलून बसले. वहिनींनी त्याला माझ्यासमोर झापलं. तो नाही नाही म्हणत राहिला.

आठ दिवसांनी कळलं, ती दोन्ही उपकरणं माझ्याच घरातली. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा हार्डवेअर पत्ता न सांगता प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला पत्ता देतो. आम्ही दोघांनीही नुकतेच फोन बदलले होते. मी वर जाऊन वहिनींची आणि त्या मुलाची माफी मागितली. तो काहीच बोलला नाही, आणि ते अजून टोचतं.

यादीत अनोळखी काही दिसलं तर आधी घरातलं एकेक उपकरण बंद करून कुठली ओळ जाते ते पाहा.

मडगाव

नेटवर्कचं नाव देवनागरीतही ठेवता येतं. मर्यादा ३२ बाइटची आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे काना-मात्रा धरून दहाच चिन्हं बसतात. फ्लॅट नंबर आणि आडनाव मात्र घालू नका. माझी आई एकटी राहते. तिच्या घराची माहिती रस्त्यावरच्या प्रत्येक फोनला कशाला?

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे २०१० मध्ये कार्ल्सरूहेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता: घरचं वायफाय नीट सुरक्षित ठेवलं नाही आणि त्यावरून तिसऱ्याच कुणी बेकायदा गाणी इतरांना वाटली, तर वकिलाच्या नोटिशीचा खर्च मालकावर येऊ शकतो. २०१७ मध्ये कायदा बदलला, पण माझ्या घरमालकीणबाई अजून पाहुण्यांना गेस्ट नेटवर्कच (त्याच राऊटरवरचं, घरच्यापासून वेगळं ठेवलेलं नेटवर्क) देतात. मीही तेच उचललं. टीव्ही आणि कॅमेरे गेस्टवर, लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर.

ठाणे, घोडबंदर रस्ता

आमच्या मजल्यावर चार घरं. चहाला बसून वाटून घेतलं: तिघांना १, ६, ११, चौथं घर फक्त वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, ५ गिगाहर्ट्‌झवर. त्या पट्ट्यातली बरीच जागा भारतात २०१८ मध्ये विनापरवाना खुली झाली. ते भिंतींपुढे लवकर दमतं, पण चाळीस घरांच्या इमारतीत तेच सोयीचं, शेजाऱ्याचंही आपल्याकडे कमी येतं. २.४ वरची चॅनेलची रुंदी सगळ्यांनी ४० वरून २० मेगाहर्ट्‌झ केली. एका काकांना वाटलं आपला वेग निम्मा होईल. संध्याकाळी त्यांचीच व्हिडिओ कॉलची तक्रार थांबली.

डब्ल्यूपीएसही, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद केलं. त्याचा ८ आकडी पिन राऊटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून निघतो, म्हणून कोट्यवधींऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्न पुरतात. ही खोट २०११ मध्येच उघड झाली, तरी आमच्या चारपैकी तीन राऊटरवर ते चालू होतं.

आता पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी बोलावलंय. त्यांचा राऊटर लोखंडी कपाटाच्या मागे आहे. रविवारी लांब केबल घेऊन जातोय.